एका शब्दाला एकच थाप

आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नव्हता. दुसऱ्या गावाला चालत जायचं तर सोबतीला एकही मुलगी नव्हती, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे माझ्या वाट्याला ते तीन वर्षं आलं. अक्षरं ओळखता यायची. शब्द मी बोट ठेवून, दाणे निवडल्यासारखी, एकेक अक्षर बाजूला करत वाचायची. वाचून झालं की काय वाचलं ते कळायचं नाही.

लग्नानंतर नवऱ्याबरोबर सिल्वासाला आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. दोंडाईच्याहून गाडीनं सुरत, सुरतेहून वापी, तिथून खचाखच भरलेल्या टेम्पोत. नवरा गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता. डोकमर्डीत आम्ही एक खोली घेतली होती. आसपास सगळे आमच्यासारखेच, कुणी शिरपूरचं, कुणी चाळीसगावचं, कुणी थेट बिहारचं. नळावर भांडण मराठीत सुरू व्हायचं, हिंदीत रंगायचं आणि शिव्या गुजरातीत.

मुलगी दोन वर्षांची झाली तशी मीही ठेकेदारामार्फत कामाला लागले. अथालच्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्या, जग, डबे बनवायचा कारखाना होता. बराचसा माल बाहेरदेशी जायचा. माझं काम तपासणीच्या टेबलावर मदतनिसाचं. बाटलीत पाणी भरायचं, झाकण घट्ट पिळायचं आणि बाटली जुन्या वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. थोड्या वेळानं चेकर यायची, बाटली उचलायची, कागदावर ओला डाग दिसला की बाटली बाजूला. डाग मलाही दिसायचा, पण बाजूला करायचा अधिकार चेकरचा. चेकर कंपनीच्या पटावर असायची. आम्ही ठेकेदाराच्या, म्हणजे आज आहोत, उद्या माहीत नाही.

त्या साली गणपतीच्या सुमारास सासऱ्यांचा निरोप आला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांचं म्हणणं असं, की पोर शेजारणीच्या जिवावर टाकून सुनेनं ठेकेदाराकडे राबण्यात काही राम नाही. दिवाळीनंतर ते स्वतः येणार आणि मला नि मुलीला घेऊन जाणार. नवऱ्यानं मग गावच्या चार पोरांबरोबर खोलीत राहावं, डबा लावावा. यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडच्या कितीतरी घरांत असंच चाललेलं होतं. बाया तिकडे, माणसं इकडे, आणि मुलं बापाला ओळखायला चार दिवस घ्यायची.

मला जायचं नव्हतं. मी जाऊ नये असं नवऱ्यालाही वाटत होतं, पण बापापुढे बोलायची त्याची छाती नव्हती. तो एवढंच म्हणाला, "तुझी नोकरी पक्की असती तर आबांना सांगता आलं असतं काहीतरी."

हे 'काहीतरी' मी डोक्यात घट्ट धरून ठेवलं.

आणि त्याच महिन्यात आमच्या खात्याचे इंजिनियर साहेब, ते नाशिकचे होते, जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, दिवाळीच्या आधी परदेशातून माल घेणारे पाहुणे येणार आहेत. ते प्रत्येक टेबलाशी थांबतील. त्या टेबलावरच्या बाईनं बाटली हातात धरून दोन-तीन वाक्यं इंग्रजीत बोलायची. "आपल्या टेबलाला एक चेकर कमी आहे. जी नीट बोलेल तिचा विचार करू. पुढे पाहुण्यांसमोर उभं राहायला कुणीतरी लागणारच आहे."

टेबलावर दोघीच दहावी झालेल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. हात मी वर केला.

साहेबांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"सातवी."

वलसाडकडची दहावी झालेली पोरगी हसून म्हणाली, "फावशे तमने, बेन?" जमेल का तुम्हाला, ताई? तिच्या विचारण्यात खोच नव्हती, काळजीच होती, आणि ती मला खोचेपेक्षा जास्त लागली.

माझ्या शेजारी खानवेलकडची एक वारली बाई बसायची. टेबलावरून माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याचं बटण तिच्या हाताशी असायचं. ती म्हणाली, "तू मेमसाब झालीस तं आम्हाला वळखशील का गं?"

"ओळखीन की. तुझ्याच बाटल्या पहिल्यांदा नापास करीन."

हसलो. वर केलेला हात मी तेव्हा कुठे खाली घेतला.

साहेबांनी दिलेली वाक्यं बाटलीच्या चिकटपट्टीवरच्या, म्हणजे लेबलावरच्या शब्दांचीच होती. लीक-प्रूफ. हीट-रेझिस्टंट. डबल-वॉल्ड. वाइड-माउथ्ड. मध्ये आडवी रेघ असलेले जोडशब्द. मी ती चिकटपट्टी घरी आणून आरशाच्या खाली लावली आणि वाचायला लागले. लीक. प्रूफ. हीट. रे. झिस. टंट. प्रत्येक अक्षर सारखं ठासून म्हणायची, कारण एखादं हलकं म्हटलं तर चूक होईल अशी भीती. नवरा ऐकून म्हणाला, "तू पाढे म्हणतेयस का?"

डोकमर्डीतल्या पिठाच्या गिरणीवर मला बाई भेटल्या. मी पुढे त्यांना बाईच म्हणत आले, कारण शिकवणाऱ्याला आम्ही दुसरं काही म्हणत नाही. त्या पुण्याच्या. त्यांचे यजमान दुसऱ्याच एका कारखान्यात इंजिनियर होते. लग्नाआधी त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सिल्वासात त्यांना करमत नव्हतं, हे गिरणीवाल्यालाही माहीत होतं. दळणाला नंबर लागेपर्यंत त्या बाकावर बसून इंग्रजी पेपर वाचायच्या.

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तीन वेळा जवळ गेले आणि परत रांगेत येऊन उभी राहिले. शेवटी माझा डबा गिरणीवर चढला, आता गेले नाही तर आठवडा गेला, असं मनाशी म्हणून चिकटपट्टी त्यांच्या पेपरवरच ठेवली.

"बाई, हे कसं म्हणायचं?"

त्यांनी चिकटपट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या भुवयांवर पीठ बसलेलं असणार.

"कशाला म्हणायचंय?"

"साहेबांसमोर म्हणून दाखवायचंय. नाही जमलं तर मला गावी नेतील."

एवढं सगळं एका दमात सांगायचं काही ठरवलं नव्हतं. बाई पेपरची घडी घालत म्हणाल्या, "मग म्हणा बघू."

मी म्हटलं. लीक. प्रूफ. हीट. रे. झिस. टंट.

"छान वाचता. पण तुम्ही सगळ्यांना सारखं वाढताय." त्या हसल्या. "आपली मराठी पंगतीसारखी आहे. बसलेल्या प्रत्येक अक्षराला सारखं वाढते. इंग्रजी पंक्तिप्रपंच करते. एकाला तूप, बाकीच्यांना नुसता भात. ज्याला तूप वाढायचं ते अक्षर ओळखलं की काम झालं. या उद्या घरी."

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की मुलीला कडेवर घेऊन मी त्यांच्याकडे जायला लागले. त्या भाजी चिरायच्या, मी ओट्याशी उभी. मुलगी त्यांच्या बरण्यांची झाकणं काढायची, लावायची. बाईंनी शिकवायची एक रीत काढली. ओट्यावर तळहात मारायचा, पण शब्दाला एकदाच. जिथं थाप तिथं वजन. बाकीची अक्षरं त्या थापेच्या मागे पटकन सरकून जातील.

"लीक-प्रूफ." थाप लीकवर. प्रूफ मागून आपोआप आला.

"हीट-रेझिस्टंट." थाप हीटवर, आणि ते तीन तुकडे, ज्यांच्यावर मी आठवडाभर घाम गाळला होता, एका झटक्यात पुढे निघून गेले.

"तुम्ही हीटला एक थाप आणि रेझिस्टंटला एक थाप दिली तर ऐकणाऱ्याला दोन वस्तू वाटतात," बाई म्हणाल्या. "गरमी आणि आणखी काहीतरी. एक थाप दिली की एकच गुण. गरमीला न जुमानणारी."

मला ते पटलं, पण मनातून शंका जाईना. दोन शब्दांचा एक शब्द होतो म्हणजे काय? बाईंनी विचारलं, "तोंडदेखलं म्हणजे तोंड आणि देखलं का?"

"नाही. खोटं खोटं. पुढ्यात गोड बोलायचं तसं."

"आणि कानकोंडं?"

मी हसले. तो शब्द माझी आई वापरायची. त्यात कान आहे आणि कोंडणं आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघा, तुम्हाला हे सगळं येतं. फक्त तुम्हाला येतंय हे कुणी सांगितलं नव्हतं."

ते वाक्य ऐकून मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी मुलीच्या हातातली बरणी काढून घेतली.

पुढची पायरी अवघड होती. डबल-वॉल्ड, वाइड-माउथ्ड यांचं तूप मागच्या पानात पडायचं. बाटली डबल-वॉल्ड आहे, असं म्हणताना थाप वॉल्डवर. पण 'डबल-वॉल्ड बॉटल' असं म्हटलं की थाप उडी मारून डबलवर. मी भांबावले. आता तर कुठे एक जागा पक्की केली होती, ती पण हलणारी निघाली.

"का हलते पण?"

"बॉटललाही स्वतःचं वजन आहे ना. दोन वजनं शेजारी शेजारी आली की अडखळायला होतं. मागून बाटली चढली की पहिलं वजन पुढे सरकून तिला जागा देतं. एसटीत सरकतो आपण तसं."

आणि लीक-प्रूफचं काय? बाई म्हणाल्या, ते सरकत नाही. ते आधीच पुढच्या सीटवर बसलेलं असतं.

मी घरी जाऊन तेच करत राहिले. नवऱ्याची पाळी बदलती असायची, तो दिवसा झोपायचा. मी पत्र्याच्या पेटीवर थापा मारत म्हणायची. एकदा तो गोधडीतून ओरडला, "अगं, दार कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. हीट-रेझिस्टंट आहे."

"त्याला सांग, मी झोपलोय."

पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं पेटीवर माझी जुनी साडी घडी करून ठेवली. आवाज दबला आणि माझी थाप अधिक जोरात पडायला लागली.

आता टेबलाबद्दल एक सांगायला हवं. आमच्या हॉलमध्ये हवा दाबणारी दोन मशिनं आणि ब्लोअर असे घुमायचे, की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोललेलं ऐकू यायचं नाही. टेबलाच्या मधून पट्टा चालायचा. मी येण्याआधी कधीतरी एका बाईची बांगडी पट्ट्यात अडकली होती. ती ओरडत होती, आणि बटणाशी बसलेलीला काही कळलंच नाही. तेव्हापासून बायांनी आपसात ठरवलं होतं: काही अडकलं, ओढणी गेली, बोट गेलं, तर ओरडायचं नाही. उघडा तळहात टेबलावर जोरात मारायचा. वरचा पत्रा सलग होता, थाप या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताला जाणवायची. थाप जाणवली की बटणाजवळच्या बाईनं काही न बघता, न विचारता पट्टा बंद करायचा. साहेबांनी हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्हा बायांचंच होतं. आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याचा वेगळा विचार कुणी करत नव्हतं. मी तर मुळीच केला नाही.

पाहुणे येण्याआधी साहेबांनी एकदा म्हणवून घेतलं. तेही जेवणाच्या सुट्टीत, मशिनं बंद असताना. मी बाटली डाव्या हातात धरली, उजवा हात टेबलावर पडत होता. साहेब खूष झाले. म्हणाले, "अरे वा, कुठे शिकलात?" वलसाडची पोरगी गप्प झाली होती. तिनं सगळे शब्द पाठ केले होते, पण साहेबांनी समोर पाहिलं की तिचा आवाजच निघत नव्हता. मला तिची दया आली, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

पाहुणे आले त्या दिवशी घरून निघताना मी मुलीला शेजारणीकडे दिलं आणि परत जाऊन पुन्हा एकदा जवळ घेतलं. शेजारीण म्हणाली, "जा गं बाई, लढाईला नाही निघालीस."

दुपारी ते हॉलमध्ये शिरले. दोन गोरे पाहुणे, त्यांच्याबरोबर मुंबईचे मोठे साहेब, मागे आमचे इंजिनियर साहेब. पाहुण्यांना सगळं चालू स्थितीत पाहायचं होतं, म्हणून मशिनं जोरात, पट्टा जोरात. आमच्या टेबलाशी आले. उंच पाहुण्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी बाटली उचलली. एवढ्या आवाजात त्यांना ऐकू जाणार कसं, म्हणून मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

"धिस बॉटल इज लीक..."

आणि थाप पडली. पेटीवर साडी ठेवून केलेल्या सरावाची, खणखणीत.

पट्टा थांबला.

बाटल्या एकमेकींवर आपटून घरंगळल्या. पट्टा थांबला तसा ब्लोअरवाल्यालाही वाटलं काहीतरी मोठं झालं, त्यानं ब्लोअर बंद केला. मग हवेच्या मशिनांवरच्यांनीही ती बंद केली. हॉल इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. टोकाकडच्या बाया उभ्या राहिल्या. वारली बाई बटण सोडून माझ्याकडे धावली आणि माझा हात ओढून बोटं तपासायला लागली. "कंचं? कंचं गेलं?"

"काही नाही गेलं. मी म्हणत होते," मी कुजबुजले.

"काय म्हणत होतीस?"

"लीक-प्रूफ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बोट गेलं असतं तर बरं. मुंबईच्या साहेबांनी इंजिनियर साहेबांकडे पाहिलं. इंजिनियर साहेबांचं तोंड लाल झालं होतं. पाहुणे एकमेकांशी काहीतरी बोलले. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

त्या क्षणी मला काय काय दिसलं ते मी सांगू शकते. दोंडाईच्याचं स्टेशन दिसलं. आबा हातात माझी पेटी घेऊन पुढे चालताहेत, मी मुलीला घेऊन मागे. नवरा फलाटावर उभा, काहीच न बोलणारा. पळून जावं असं वाटलं. आमच्या टेबलापासून बायांच्या मोरीचं दार फार लांब नव्हतं. तिथं जाऊन कडी लावून बसले असते तर मला कुणी काही म्हटलंही नसतं. सातवी शिकलेल्या बाईकडून आणखी कसली अपेक्षा?

माझे पाय हलले नाहीत. पुष्कळ धीर होता असं नाही. एवढंच डोक्यात आलं, की वाक्य अर्धं राहिलंय. अर्ध्या वाक्यावर गावी जायचं नाही. जायचंच असेल तर पूर्ण करून जाईन.

मी उजवा हात पाठीमागे नेला आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. थापेला आता जागा नव्हती, म्हणून ती मी पायाकडे पाठवली. चपलेत अंगठा दाबायचा, शब्दाला एकदाच.

"धिस बॉटल इज लीक-प्रूफ," मी म्हटलं. ओरडायची गरज नव्हती. सगळा हॉल ऐकत होता. "अँड हीट-रेझिस्टंट. इट इज डबल-वॉल्ड." अंगठा वॉल्डवर. "इट इज अ वाइड-माउथ्ड बॉटल." अंगठा वाइडवर, कारण मागून बाटली चढली होती.

उंच पाहुण्यानं बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण काढलं, आत डोकावलं, परत लावलं. "थँक यू," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. बस्स. टाळ्याबिळ्या काही नाही. त्याला काय वाटलं, मला आजही माहीत नाही. पट्टा का थांबला असं त्यानं विचारलं असणार, कारण इंजिनियर साहेब चालता चालता त्याला हातवारे करून बरंच काही सांगत होते.

ते गेल्यावर साहेब परत आले. "तमाशा केलात," एवढंच बोलले, दात आवळून. मग पट्टा चालू करायला सांगून निघून गेले.

संध्याकाळी मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मग एकदम गंभीर झाल्या. "माझंच चुकलं. मी तुम्हाला थाप मारायला लावली." मी म्हटलं, "बाई, थाप नसती तर शब्दच आला नसता." आणि ते खरं होतं. माझ्यासारखीला त्यांनी ओट्याशी उभं केलं, मुलीच्या हाती बरण्या दिल्या, एक पैसा न घेता रोज तेच तेच शब्द ऐकून घेतले. याची परतफेड कशी करतात मला तेव्हा कळत नव्हतं, आताही कळत नाही. मी त्यांची कोथिंबीर निवडून दिली आणि घरी आले.

त्यानंतर साहेब काही बोलेनात. दिवाळी आली. चेकरच्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मला झोपेतही वाटायचं, की मीच जाऊन विचारलं पाहिजे. विचारलं आणि नाही म्हणाले तर? न विचारता राहिलं तर निदान 'नाही' ऐकावं लागणार नाही. असं करत करत भाऊबीज झाली, आणि आबा एका पिशवीत शेव, चकल्या आणि घरची उडीद डाळ घेऊन दारात उभे राहिले.

जेवण झाल्यावर त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "सामान बांधं का, माय?"

नवरा खाली बघत होता. मी म्हटलं, "उद्या सांगते, आबा."

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी साहेबांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिले. शिपाई म्हणाला, ठेकेदाराशी बोल. मी म्हटलं, ठेकेदाराशी काही काम नाही. तो म्हणाला, साहेब कामात आहेत. मी म्हटलं, मी थांबते. भोंगा वाजला, माझी गैरहजेरी लागणार होती. तरी थांबले.

साहेबांनी काचेतून पाहिलं आणि आत बोलावलं.

"काय हवंय?"

"चेकरच्या जागेचं काय झालं, साहेब? हो की नाही, तेवढं आज सांगा. माझे सासरे न्यायला आलेत."

ते पेन फिरवत म्हणाले, "त्या दिवशी मला इतका राग आला होता, की तुम्हाला टेबलावरूनच काढणार होतो."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"पट्टा थांबला की या हॉलमध्ये काय होतं माहिताय? मुकादम ओरडत येतो, बाई घाबरते, म्हणते माझं काही नाही, चालू करा. खराब माल तसाच पुढे जातो. चेकरला पट्टा थांबवावा लागतो, ताई. आणि थांबवल्यावर सगळे बघत असताना तिथंच उभं राहावं लागतं. त्या दहावीवाल्या वलसाडच्या पोरीला मी याआधी दोनदा चेकर करून पाहिलं, ती थांबवतच नाही. तुम्ही थांबवलात," इथं ते पहिल्यांदा जरा हसले, "विनाकारण थांबवलात, पण उभ्या राहिलात आणि बोलणं पूर्ण केलंत. होळीपर्यंत करून बघा. जमलं तर पटावर घेऊ. नाही जमलं तर मी काही करू शकत नाही."

"आजपासून?"

"आज दुसऱ्या पाळीपासून. तिथं जागा आहे. आता घरी जाऊन या."

मी आभार मानले का, ते आठवत नाही. मानले असतील.

घरी आले तर आबा दारात बसून मुलीला चकली भरवत होते. नवरा पाळीवरून येऊन हात धूत होता. मी चौकटीतच उभी राहून म्हटलं, आणि गावच्या बोलीत म्हटलं, कारण आबांशी तेच खरं वाटायचं, "आबा, मी आठेच ऱ्हास. कामाचं झालं." मी इथंच राहते.

"पक्कं झालं?"

खोटं बोलायला जीभ वळली होती. "होळीपर्यंत बघतील. मग पक्कं."

"आणि नही झालं त्?"

"तर होळीनंतर मी स्वतः येईन. तुम्हाला फेरा नको."

आबांनी मुलाकडे पाहिलं. "हाऊ काय म्हनस?"

नवऱ्यानं हात पुसले. पंचा खुंटीला लावला. नंतर, मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होते, तो बापाकडे बघून म्हणाला, "ती ऱ्हाई, आबा. पोरगी पण."

नातीच्या तोंडाला लागलेला चकलीचा चुरा आबांनी अंगठ्यानं पुसला. मग विचारलं, "मंग मी एकलाच जाऊ का?"

"जेवून जा," मी म्हटलं.

दुपारी आम्ही त्यांना सोडायला सिल्वासाच्या बस स्टँडवर गेलो. वापीची गाडी लागलेली होती. आबा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. पिशवीत मी आमच्या कारखान्यातला एक जग घातला होता, सासूबाईंना. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुनी सासूले काय सांगू?"

"सांगा, कामले लागनी."

"ती चिडी."

"चिडू द्या, आबा. तुम्ही शेतस ना." तुम्ही आहात ना.

ते हसले. आपल्यावर जबाबदारी टाकलेली त्यांना आवडली की नाही, ते कळायला नको म्हणून त्यांनी डोकं आत घेतलं. गाडी हलली. मुलगी रडायला लागली, तिला वाटलं आजोबा आपल्याला विसरून चालले. नवऱ्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि घरचा रस्ता धरला.

दुसऱ्या पाळीला अजून अवकाश होता. तरी मी टेम्पोची वाट न बघता अथालच्या रस्त्यानं चालायला लागले.